आमचा खराद आणि एक लपवलेली जखम



नेहमी मी इथे शुगर, बीपी, थायरॉईड, डेंग्यू अशा विषयांवर लिहितो. आज लाकूडकामाबद्दल लिहिणार आहे. "डॉक्टरसाहेबांनी सुतारकी सुरू केली की काय?" असं तुम्ही म्हणाल. तर हो, चार-पाच वर्षांपूर्वीच केली. पण हा लेखही आरोग्याचाच आहे. एका बोटाची, एका मशीनची आणि माझ्या रागाची ही गोष्ट आहे.

माझ्या पत्नीला विचारूनच लिहितो आहे. तिने कच्चा लेख वाचला आणि दोन ठिकाणी खाडाखोड केली. दोन्ही ठिकाणी मी स्वतःला जरा जास्तच शहाणा दाखवलं होतं.

खराद घरात कसा आला

तेल्हाऱ्याला आमच्या घरामागे टिनाचं एक शेड आहे. वडिलांच्या काळात तिथे कापूस साठवायचे. २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट ओसरली तेव्हा माझी झोप पार बिघडली होती. हाताला दवाखान्याबाहेरचं काहीतरी काम हवं होतं. अकोल्याला एक जुना लाकूडकामाचा लेथ विकायला निघाला होता, तो आणून शेडमध्ये बसवला. आपल्याकडची जुनी माणसं याला खराद म्हणतात आणि त्यावर काम करणाऱ्याला खरादी. इतरत्र त्यालाच कातारी म्हणतात. लाकूड गरगर फिरतं, आपण त्याला पटाशी लावायची, आणि ते गोल होत जातं.

मशीन मी आणलं, पण हात बसला तिचा. तिचे वडील अकोट तालुक्यात सुतार होते. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा कसा घडतो हे ती शाळेत जायच्या आधीपासून बघत आलेली. पुढे ती गणिताची शिक्षिका झाली, तरी लाकडाच्या रेषा कुठे वळतात हे तिला नुसता हात फिरवून कळतं. माझं पहिलं लाटणं मध्येच पोट सुटल्यासारखं झालं. तिच्या पहिल्या लाटण्यावर आमच्या घरी आजही पोळ्या होतात.

लाटणी, रव्या, भोवरे असं आम्ही करतो. पण वर्षातलं मोठं काम म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाकं. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी नंदी ओढत घरोघरी जातात, तो सण. नागपूरला दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला असं सांगतात. गल्लीतल्या मुलांचे मोडक्या चाकांचे बैल श्रावणात आमच्या ओट्यावर येऊन रांगेत उभे राहतात. एका बैलाला चार चाकं. मुलांना ती सगळी पोळ्याच्या आधीच हवी असतात. घाई सुरू होते ती तिथून.

पहिला अपघात: लाईट

विजेची मोटार येण्याआधी खराद चालवायला बहुतेक दोन माणसं लागत. एक जण दोरी किंवा पट्टा पुढे-मागे ओढून लाकूड फिरवायचा आणि दुसरा हत्यार धरायचा. ओढणारा बऱ्याचदा घरचाच असे, बायको किंवा मुलगा. हत्यार धरणाऱ्याने नुसतं "हं" म्हटलं की दोरी थांबायची. मोटारीला आपलं "हं" ऐकू येत नाही. आणि आपल्याकडे तर ती मोटार आपल्या मर्जीने चालते कुठे? ती लाईटच्या मर्जीने चालते.

एका दुपारी मी लाकडाचा तुकडा बदलत होतो. लाकूड पकडणाऱ्या चकात त्याची चावी लावलेली होती आणि नेमकी लाईट गेली. तेवढ्यात दवाखान्यातून बोलावणं आलं. मी तसाच निघालो. स्विच चालूच राहिला आणि चावी चकातच राहिली.

अर्ध्या तासाने ती शेडमध्ये झाडू मारायला गेली आणि लाईट आली. मशीन आपोआप सुरू झालं. चावी सुटली, तिच्या कानाजवळून गेली आणि मागच्या टिनाला पोचा पाडून खाली पडली. चार बोटं इकडे-तिकडे झाली असती तर आजचा लेख वेगळा झाला असता.

मी धावत आलो आणि पहिलं वाक्य काय बोललो? "अगं, आत जाताना स्विच बघायला काय झालं होतं तुला?"

चूक सगळी माझी. पण माणूस घाबरला की ओरडतो, आणि घरातलं माणूस असेल तर जरा जास्तच ओरडतो. त्या दिवशी मी आणखी एक वाक्य बोललो, "असंच करणार असशील तर मशीनला हात लावू नकोस." ती काही बोलली नाही. झाडू जागेवर ठेवला आणि घरात निघून गेली. मला वाटलं, विषय संपला.

दुसरा अपघात: जो मला कळलाच नाही

साधारण महिनाभराने, पोळा चार-पाच दिवसांवर आलेला असताना ती एकटीच चाकं करत होती. चाकाची कड हाताने तपासताना लाकडाचं एक कुसळ तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीत घुसलं. तळहाताच्या बाजूने, मधल्या पेराच्या घडीपाशी. तिने सुईने ते काढलं. म्हणजे तिला वाटलं की सगळं निघालं. वर हळद लावली आणि चाकं पूर्ण केली.

मला सांगितलं नाही.

मी डॉक्टर. त्याच घरात राहतो, त्याच टेबलावर जेवतो. चौथ्या दिवशी सकाळी ती एकाच हाताने कणीक मळताना दिसली, तेव्हा मी विचारलं. "काही नाही हो, जरा ठणकतंय," ती म्हणाली. बोट बघितलं आणि माझ्याच पोटात गोळा आला.

बोट बुडापासून टोकापर्यंत एकसारखं सुजलं होतं. ते अर्धवट वाकलेलं होतं. तळहाताच्या बाजूने बोटाच्या रेषेत कुठेही दाबलं तरी दुखत होतं. आणि मी ते हलकेच सरळ करायला गेलो तर ती कळवळली. या चार खुणा शिकागोचे शल्यचिकित्सक अॅलन कॅनाव्हेल यांनी शंभरेक वर्षांपूर्वी हाताच्या जंतुसंसर्गावरच्या आपल्या पुस्तकात मांडल्या. आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी त्या त्यांच्याच नावाने शिकतो. मीही शिकलो होतो. त्या आपल्याच स्वयंपाकघरात दिसतील असं वाटलं नव्हतं.

आत काय होतं, ते सोपं करून सांगतो

सायकलच्या ब्रेकची तार आठवा. तार एका आवरणातून सरकते, म्हणून ब्रेक लागतो. आपलं बोट वाकवणारा स्नायू मनगटाच्या वर, हातात असतो. तिथून दोरीसारखी कंडरा बोटाच्या टोकापर्यंत येते आणि ती अशाच एका अरुंद आवरणातून सरकते. बोटाच्या घड्यांपाशी हे आवरण कातडीच्या अगदी जवळ असतं. तिथे काटा, सुई किंवा लाकडाचं कुसळ घुसलं तर जंतू थेट आवरणात जाऊ शकतात.

या आवरणात पू झाला तर त्याला बाहेर पडायला वाट नसते. आतला दाब वाढतो, कंडरेचा रक्तपुरवठा तुटू लागतो आणि ती मरायला लागते. कंडरा गेली की बोट असून नसल्यासारखं होतं. इथे हिशोब आठवड्यांचा नसतो, तासांचा असतो. म्हणूनच त्या चार खुणा दिसल्या तर नुसत्या गोळ्या घेऊन वाट बघायची नाही. त्याच दिवशी हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे पोचायचं.

आम्ही तासाभरात अकोल्याच्या रस्त्याला लागलो. एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. लाकूड एक्स-रेत सहसा दिसतच नाही, हे लक्षात ठेवा. "एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणजे आत काही नाही" असं लाकडाच्या आणि काट्यांच्या बाबतीत समजू नये. सोनोग्राफीत तुकडा सापडला, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली, आवरण धुऊन काढलं, शिरेतून औषधं दिली. बोट वाचलं.

पण पूर्ण नाही. दोन महिने व्यायाम करूनही ते बोट आज तळहाताला टेकत नाही. अर्धा इंच राहतं. पहिल्याच दिवशी आली असती तर कदाचित दोन टाके, एक इंजेक्शन आणि गोळ्यांवर भागलं असतं.

"का नाही सांगितलंस?"

परतीच्या रस्त्यावर मी विचारलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही पेशंटचं डॉक्टरसारखं ऐकता, माझ्यावर मात्र नवऱ्यासारखं ओरडता. मला चाकं पूर्ण करायची होती. तुम्ही मशीन बंद केलं असतं."

तिचं बरोबर होतं. मी नक्की बंद केलं असतं.

मग मला आमच्या ओपीडीतली किती तरी माणसं आठवली. कडबा कटरमध्ये बोटाचं टोक गेलं म्हणून वडिलांच्या भीतीने रुमाल गुंडाळून दोन दिवस फिरलेला मुलगा. मालक कामावरून काढेल म्हणून पाय सुजेपर्यंत गप्प राहिलेला मजूर. "आता सांगून काय फायदा, बोलणीच बसतील" म्हणणाऱ्या बाया. आणि अशा प्रत्येकाला मी स्वतः काय विचारत आलो? "इतके दिवस काय झोपला होतात का?"

म्हणजे घरी जे मी केलं तेच दवाखान्यातही करत होतो. उशिरा आलेल्याला रागावलं की पुढच्या वेळी तो लवकर येत नाही. पुढच्या वेळी तो आणखी उशिरा येतो, किंवा दुसरीकडेच जातो.

विमान वाहतुकीतल्या लोकांना हे आपल्या आधी कळलं. अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था एक व्यवस्था चालवते. वैमानिक आणि इतर कर्मचारी आपल्या हातून झालेली चूक किंवा थोडक्यात टळलेला अपघात तिथे कळवतात. नाव गुप्त राहतं. हेतू एवढाच की पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडू नये. आमच्या शेडमधली उडालेली चावी ही अशीच थोडक्यात टळलेली गोष्ट होती. त्या दिवशी तिला दोष देण्याऐवजी आम्ही दोघं बसून बोललो असतो तर बोटाची गोष्ट लपली नसती.

खुंटीवरची वही

आता शेडच्या दाराशी खुंटीवर एक वही टांगलेली आहे. तिच्यात तीनच गोष्टी लिहायच्या: काय झालं, कसं झालं, काय बदललं. कोणी केलं ते लिहायचं नाही. अर्थात अक्षरावरून कळतंच, डॉक्टरचं अक्षर लपतं कुठे! पण वहीतल्या नोंदीवरून भांडायचं नाही, असं ठरलं आहे. काही नोंदी तुमच्यासाठी देतो.

लाईट आली आणि मशीन आपोआप सुरू झालं. बदल: नवा स्विच बसवला. लाईट गेली की तो आपोआप बंद होतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. शेतातल्या मोटारीला आपण मुद्दाम ऑटो लावतो, म्हणजे रात्री लाईट आली की पंप आपला आपण चालू होतो. खरादाला, कडबा कटरला, पिठाच्या गिरणीला नेमकं याच्या उलट हवं.

चकात चावी राहिली. बदल: चावी हातातून सुटली की ती खिशात किंवा खुंटीवर. चकात लावून कधीही हात सोडायचा नाही.

लाकडाचा तुकडा फुटून फेस शील्डला लागला, शील्ड तडकली. बदल: कोरोनात उरलेल्या पातळ शील्ड टाकून दिल्या. त्या थुंकीचे थेंब अडवायला होत्या, लाकूड अडवायला नाहीत. आता जाड पॉलिकार्बोनेटची आणली आहे. तुम्हीच हिशोब करा: २० सेंटीमीटर रुंद लाकूड मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ५६ किलोमीटर होतो.

ओढणीचं टोक मशीनकडे ओढलं गेलं. बदल: ओढणी, पदर, मोकळे केस, लांब बाह्या, हातमोजे, अंगठी, बांगड्या काहीही फिरत्या मशीनजवळ न्यायचं नाही. हातमोजे वाचून आश्चर्य वाटेल. पण फिरतं मशीन मोजा पकडतं आणि मोज्याबरोबर हातही ओढून घेतं. मंगळसूत्र काढायला सासूबाई, म्हणजे माझी आई, आधी कुरकुरली. मग मी माझी अंगठी काढून त्याच खुंटीला लावली, तेव्हा ती म्हणाली, "मंग ठीक हाय."

दुसऱ्याने मागून हाक मारली, हत्यार अडकलं. बदल: मशीन चालू असताना मागून बोलायचं नाही. समोर येऊन उभं राहायचं आणि त्याने मशीन बंद करेपर्यंत थांबायचं. नवरा-बायको एका शेडमध्ये काम करतात तेव्हा सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच. "अहो, चहा झालाय" हे वाक्यही धोक्याचं ठरू शकतं.

आणि एक नोंद बारीक धुळीची. लाकडाची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून जाणं हे नाकाच्या आतल्या कर्करोगाचं कारण म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात नोंदवलं आहे. आमच्यासारख्या हौशी माणसांनी घाबरून जायचं कारण नाही, पण रोज हेच काम करणाऱ्या सुतारबंधूंनी पॉलिश पेपर मारताना एन-९५ मास्क जरूर लावावा.

जखम झालीच तर

तुमच्याकडे खराद नसेल. पण थ्रेशर असेल, कडबा कटर असेल, कटर मशीन असेल. थ्रेशरमध्ये इतके हात गेले की १९८३ मध्ये केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. म्हणून हे सगळ्यांसाठी.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड ठेवून सलग दहा मिनिटं घट्ट दाबून धरा. मधून मधून उघडून बघू नका. हळद, चुना, तंबाखू, कॉफी, रॉकेल यातलं काही भरू नका. रक्त थांबल्यावर जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा.

बोट तुटून वेगळं झालं तर ते फेकू नका. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. १०८ ला फोन करा आणि बोट सोबत न्या.

डोळ्यात काही रुतलं असेल तर ते ओढू नका, चोळू नका, धुऊ नका. वर कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टी लावा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

धनुर्वाताचं इंजेक्शन प्रत्येक खरचटण्याला लागत नाही. लहानपणापासूनचे डोस पूर्ण असतील तर साध्या स्वच्छ जखमेला दहा वर्षांत एकदा आणि खोल किंवा मळलेल्या जखमेला पाच वर्षं उलटली असतील तर घ्यायचं. शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

काटा किंवा कुसळ गेल्यानंतर दुखणं दुसऱ्या दिवशी कमी व्हायला हवं. वाढत असेल, रात्री ठणका लागत असेल, बोट सरळ होत नसेल, तर थांबू नका. शुगर असलेल्यांनी तर एक दिवसही नाही.

आणि शेवटचं

पुढच्या पोळ्याला चाकं झालीच. तिने आठ नग केले, मी तीन. वाकत नसलेल्या बोटाची सवय तिने करून घेतली आहे. पटाशी ती आता जरा वेगळी धरते. मी मध्ये बोलत नाही.

ओपीडीत मी एक वाक्य बदललं आहे. परवा एक काका आठ दिवसांची पायाची जखम घेऊन आले. दारातूनच म्हणाले, "डाक्टरसाहेब, रागावू नका जी, उशीर झाला." मी म्हटलं, "आलात ना, बरं झालं. बसा, दाखवा." मग त्यांनी दुसऱ्या पायाची, मी विचारलीही नसती अशी जखम आपणहून दाखवली. ती जास्त खराब होती.

तुमच्या घरात कोणी काही लागलेलं घेऊन आलं तर पहिले पाच मिनिटं "कसं लागलं, कशाला गेला होतास" हे गिळून टाका. आधी जखम बघा. विचारायचं ते नंतर विचारता येतं. आणि तुम्हालाच काही लागलं असेल आणि तुम्ही ते कोणापासून लपवलं असेल, तर आज रात्री जेवताना सांगून टाका.

काळजी घ्या.